नत्राचा भाव आणि मातीचा स्वभाव

इंदूरच्या चोइथराम मंडीत ऑक्टोबरच्या सकाळी सफरचंदाच्या पेट्या फुटतात तेव्हा आढतिया आधी रंग बघतो, मग फळ तळहातावर तोलतो, आणि शंका आलीच तर चाकू काढतो. मागच्या हंगामात ओळखीच्या एका आढतियाने असंच एक फळ माझ्यासमोर कापलं. बाहेरून टपोरं, देखणं. सालीखाली मात्र, देठाच्या उलट्या बाजूला, मुगाएवढे तपकिरी ठिपके, कोरड्या स्पंजासारखे. "काका, पेड़ को खाद ज़्यादा खिला दी इन्होंने," असं म्हणून त्याने अर्धं फळ मला दिलं. ठिपका दाताखाली आला की कडवट लागतो.

या रोगाला जंतू नाही, कीड नाही. फळाला कॅल्शियम पुरलं नाही की गर तिथे तिथे मरतो. आणि कॅल्शियम न पुरण्याची कारणं शोधत गेलं तर वाट बहुतेक वेळा नत्राच्या, म्हणजे नायट्रोजनच्या खताच्या, पोत्यापाशी जाते. नत्र जास्त झालं की झाडाला पालवीचा सोस लागतो. कॅल्शियम झाडात पाण्याच्या ओढीबरोबर चढतं, आणि पाणी ओढण्यात पानापुढे फळाचं काही चालत नाही. सगळं कॅल्शियम नव्या शेंड्यांकडे जातं, फळ मोठं होतं पण पोकळ श्रीमंतासारखं. आढतियाचं निदान बरोबर होतं, पण अर्धंच. खत जास्त झालं हे खरं. पण कुठलं खत? तेच नत्र अमोनियाच्या रूपात दिलं तर ते मुळाच्या दारात कॅल्शियमशी रेटारेटी करतं, आणि नायट्रेटच्या रूपात दिलं तर करत नाही. किती हा प्रश्न आपण शेतकऱ्याला विचारतो, कृषी खात्याला विचारतो, कधी कधी संसदेतही विचारतो. कुठलं हा प्रश्न मात्र कुणी विचारत नाही, कारण त्याचं उत्तर दिल्लीत भाव ठरतो त्या दिवशीच ठरून गेलेलं असतं.

मला एवढंच मांडायचं आहे की आपल्या देशात नत्राचं रूप माती बघून ठरत नाही, अनुदान बघून ठरतं. आणि याची किंमत गहू-सोयाबीनपेक्षा फळबागा जास्त मोजतात.

आधी माझी बाजू सांगून टाकतो, म्हणजे पुढे कुणी विचारायला नको. इंदूरजवळ, सिमरोलच्या पुढे आमची तीन एकर जमीन आहे. वडिलांच्या वेळेपासून पेरू. चार वर्षांपूर्वी मी त्यात चाळीस झाडं सफरचंदाची लावली, एचआरएमएन-९९ जातीची. हिमाचलातल्या बिलासपूर जिल्ह्यातल्या हरिमन शर्मांनी ही जात काढली. डोंगरी सफरचंदाला हिवाळ्यात थंडीचे जितके तास लागतात त्याच्या मानाने हिला नगण्य लागतात, म्हणून ती मैदानात, अगदी महाराष्ट्रातही लावली जाते. शर्मांना २०२५ साली पद्मश्री मिळाली. इंदूरच्या ब्राह्मणाने सफरचंद लावलं यावर आमच्या लोधीपुऱ्यातल्या नातेवाइकांनी जे विनोद केले ते इथे देत नाही. चाळीस झाडांवरून मी कुणाला सिद्धांत शिकवायला निघालेलो नाही. पण त्या झाडांनी मला ज्या प्रश्नात ढकललं तो प्रश्न चाळीस झाडांचा नाही.

पहिल्या वर्षी मी युरिया दिला. सगळे देतात म्हणून दिला. सोसायटीत तोच मिळतो म्हणूनही दिला. मे महिन्यात, उघड्या आळ्यात, वरवर भुरभुरून, आणि पाणी दुसऱ्या दिवशी. जून संपता संपता नवी पानं पिवळी पडली, शिरा तेवढ्या हिरव्या. आमच्याकडे उसावर असं दिसलं की केवडा म्हणतात. दुकानदार म्हणाला नत्र कमी पडलंय, अजून एक कट्टा न्या. मी नेला. पानं आणखी पांढुरकी झाली. पुढे माती तपासली तेव्हा सामू (पीएच; हा आकडा जितका कमी तितकी माती आंबट) ८.१ निघाला आणि चुनखडी भरपूर. झाडाला लोह मिळत नव्हतं. मातीत लोह होतं, पण अशा अल्कधर्मी मातीत ते विरघळत नाही. आणि माझा युरिया? त्याच्यातलं किती मुळापर्यंत गेलं आणि किती मे महिन्याच्या वाऱ्यावर अमोनिया होऊन उडालं, देव जाणे. उष्ण दिवस, अल्कधर्मी माती आणि खत पृष्ठभागावर, हे तिन्ही जुळून आलं की युरियातल्या नत्राचा तिसरा हिस्सादेखील हवेत जाऊ शकतो. मी तिन्ही जुळवून आणलं होतं.

आता हीच चूक शिमल्याच्या वर, कोटगढच्या उतारावर केली तर काय होतं? नेमकं उलटं. तिथली माती पावसाने धुतलेली, मुळातच आंबट. युरियाचा दाणा मातीत फुटला की सुरुवातीला आजूबाजूची माती थोडा काळ अल्कधर्मी होते. मग जिवाणू त्या अमोनियाचं नायट्रेट करतात आणि त्या कामात आम्ल बाहेर पडतं. नायट्रेट मुळांनी उचललं तर बरंचसं आम्ल शमतं. पण ते पावसाबरोबर खाली वाहून गेलं, तर आम्ल मागे राहतं आणि कॅल्शियम-मॅग्नेशियमही त्याच्यासोबत वाट धरतात. दर वर्षी थोडं थोडं. सामू साडेपाचच्या खाली उतरला की मातीतलं ॲल्युमिनियम आणि मँगेनीज मोकळं होतं, आणि ही दोन्ही मुळांना विष. डेलिशियस जातीच्या झाडांच्या सालीवर अशा जमिनीत गोवर उठावा तसे फोड येतात. ते मँगेनीजचं काम. सॅम्युअल स्टोक्सने १९१६ साली कोटगढला अमेरिकेतून डेलिशियसची कलमं आणली, हिमाचलच्या बागायतीचा पाया त्यावर उभा आहे, आणि नेमकी तीच जात या बाबतीत नाजूक आहे.

म्हणजे एकच पोतं. सिमरोलला ते उडून जातं आणि कोटगढला जमीन आंबवतं. दोन्ही ठिकाणी भाव एकच.

जुने लोक हिशोब असा करतात: एक किलो नत्र युरियातून दिलं तर त्याचं आम्ल मारायला साधारण १.८ किलो चुना लागेल, आणि तेच अमोनियम सल्फेटमधून दिलं तर ५.४ किलो. कॅल्शियम नायट्रेटमधून दिलं तर चुना लागतच नाही, उलट माती किंचित गोड, म्हणजे अल्कधर्मी, होते. हिमाचलातली शिफारस झाडाच्या वयामागे दर वर्षाला ७० ग्रॅम नत्र, दहा वर्षांनी ७०० ग्रॅमवर थांबायचं, अशी आहे. म्हणजे पूर्ण वाढलेल्या झाडाला युरिया दीड किलो. त्याचं आम्ल मारायला सव्वा किलो चुना. वीस वर्षांत एका झाडाखाली पंचवीस किलो. हा कमाल हिशोब आहे, प्रत्यक्षात पाऊस-माती बघून कमी होतो, हे मान्य. पण ज्या बागेत पंचवीस वर्षांत चुन्याची पाटी एकदाही गेली नाही, तिथे कमी म्हणजे किती कमी?

शेत आणि बाग यांतला फरक इथे कळीचा आहे, आणि कागदावर तो कुठेच दिसत नाही. शेत दर वर्षी नांगरलं जातं. आंबट माती गोड मातीत मिसळते, चुना टाकायचा तर नांगराखाली घालता येतो, नाहीच जमलं तर पीक बदलता येतं. झाड जागचं हलत नाही. त्याला खत दर वर्षी त्याच आळ्यात पडतं. हिमाचलात या आळ्याला तौलिया म्हणतात, आणि शब्द मला फार आवडतो, झाडाच्या पायाशी अंथरलेला टॉवेल. तीस वर्षं त्याच टॉवेलवर नत्र. ठिबक आलं तेव्हा तर जागा आणखी आकसली: एका थेंबाखालचा ओंजळभर मातीचा गोळा. त्या गोळ्याचा सामू आणि दोन ओळींमधल्या मातीचा सामू यांत आकड्याचा फरक पडू शकतो, आणि सामूचा एक आकडा म्हणजे दहापट आम्ल. आपण नमुना मात्र काढतो बागेच्या चार कोपऱ्यांतून, झाडांपासून लांब, खतं पडत नाहीत अशी जागा बघून. तपासणीत माती निरोगी निघते. आजारी माती आळ्यात असते, तिला कुणी विचारलेलं नसतं. शिवाय झाडं उभी असताना चुना खोल घालता येत नाही, वरून टाकलेला चुना खाली उतरायला वर्षं घेतो. म्हणून बागेत खताची निवड चुकली तर ती पिढीसाठी चुकते.

यावर कुणी म्हणेल, ही सगळी पुस्तकी भीती. तर दोन शेतांची गोष्ट सांगतो, दोन्ही आपल्याच देशातली. दीर्घकालीन खत प्रयोग म्हणून १९७०च्या दशकापासून देशभर काही ठिकाणी त्याच पट्ट्यांत तीच खतं दर वर्षी देऊन पाहिलं जातंय. त्यांतलं एक ठिकाण पालमपूर, हिमाचल, दुसरं जबलपूर. पालमपूरची माती सुरुवातीलाच सामू सहाच्या जरा खाली. तिथे ज्या पट्ट्याला नुसता युरिया मिळाला, त्यात मका आणि गहू हळूहळू खाली येत अखेर शून्यावर आले. शून्य म्हणजे खरोखर शून्य, कणीस नाही. त्या पट्ट्याला स्फुरद-पालाश (फॉस्फरस आणि पोटॅश) मिळालं नव्हतं, म्हणून सगळं पाप युरियाच्या माथी मारणं अन्यायाचं होईल. पण ज्या पट्ट्यांना चुना किंवा शेणखत जोडीला मिळालं ते टिकले, हेही तिथेच दिसतं. जबलपूरच्या काळ्या मातीत सोयाबीन-गहू, तेवढीच वर्षं, तोच युरिया, आणि सामू साडेसातच्या आसपास जिथे होता तिथेच जवळपास राहिला. काळ्या मातीच्या पोटात चुना एवढा आहे की ती आम्ल गिळून ढेकर देत नाही. इंग्लंडात रॉथम्स्टेडला १८५६ पासून गवताच्या कुरणावर असाच प्रयोग चालू आहे: एका पट्ट्याला नत्र अमोनियम सल्फेटचं, शेजारच्याला सोडियम नायट्रेटचं. पहिला पट्टा इतका आंबला की तिथे गवताच्या मोजक्या जातीच उरल्या आणि मेलेलं गवत कुजेनासं होऊन त्याची गादी साचली. नत्र दोघांनाही नत्रच दिलं होतं. फरक फक्त रूपाचा.

मग अमोनियम सल्फेट वाईट, असं म्हणून मोकळं व्हावं? इथेच गंमत आहे. दुसऱ्या वर्षी मी माझ्या वीस झाडांना तेच दिलं. बाजारात शोधायला तीन चकरा झाल्या. ज्या आम्लाने कोटगढचं झाड मरतं, तेच आम्ल माझ्या आळ्यात चुनखडीच्या गळ्याला नख लावतं आणि मुळापाशी थोडं लोह, थोडा जस्त मोकळं करतं. वर गंधक फुकट, शंभर किलोत तेवीस-चोवीस किलो. जमिनीत पेरून वर माती ओढली, लगेच पाणी. जुलैची पालवी हिरवी आली. उरलेल्या वीस झाडांना युरियाच दिला, पण पेरून आणि पाण्याआधी. तीही सुधारली, अर्थात कमी. दोन हंगामांचा हा हिशोब कुणी शास्त्र म्हणून घेऊ नये. पण मला जे पटायचं ते पटलं: खत चांगलं किंवा वाईट नसतं, जोडा जुळतो किंवा जुळत नाही. आपल्याकडे लग्नाला छत्तीस गुण बघतात आणि खताला फक्त भाव.

या इंदुरात ही गोष्ट मला सांगावी लागते याचं जरा वाईट वाटतं. इंग्रज कृषिशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड १९२४ साली इथे आले, होळकर दरबाराने तीनशे एकर जमीन दिली, आणि पुढच्या सात वर्षांत जगात जिला आजही इंदूर पद्धत म्हणतात ती कंपोस्टची रीत इथे बसली. १९३१ च्या त्यांच्या पुस्तकावर दोन नावं आहेत: हॉवर्ड, आणि त्यांच्या इथल्या संशोधन संस्थेत रसायनशास्त्राचे मुख्य सहायक असलेले यशवंत वाड. दुसरं नाव आपण मराठी माणसांनीसुद्धा विसरून टाकलं. हॉवर्ड सर झाले, सेंद्रिय शेतीचे आद्य पुरुष झाले, लंडनपासून अमेरिकेपर्यंत त्यांचे अनुयायी झाले. कर्ब-नत्राचं प्रमाण तेहतीसास एकपासून सुरू करायचं आणि दहास एकवर आणायचं, हे ज्या प्रयोगशाळेत मोजलं गेलं तिथे उभे असलेले वाड इंदूरच्या कुठल्या चौकाच्या पाटीवर मला तरी दिसले नाहीत. असो, हा लेख पाट्यांबद्दल नाही.

त्या पद्धतीतली एक बारीक गोष्ट मात्र विषयाला धरून आहे. खड्ड्यात पालापाचोळा, शेण, गोठ्यातली मुतारीची माती हे थर तर असतच. त्यावर लाकडाची राख भुरभुरायची, असा आग्रह होता. का? कुजताना ढीग आंबतो, आणि आंबला की जिवाणू थंडावतात. राख ते आम्ल मारते. म्हणजे नत्राच्या पाठोपाठ आम्ल येतं आणि त्याची सोय आधीच करून ठेवायची असते, हे शंभर वर्षांपूर्वी या गावात ठाऊक होतं. ढिगाला राख लागते तशी बागेला चुना लागतो. तीन महिन्यांच्या ढिगासाठी जी काळजी घेतली, ती तीस वर्षांच्या बागेसाठी आपण घेत नाही.

हॉवर्डांच्या भक्तांशी मात्र माझं जमत नाही. पोत्यातलं नत्र विष आणि शेणातलं अमृत, असं मुळाला काही ठाऊक नसतं. ते अमोनियम किंवा नायट्रेट शोषतं, बाकी त्याला जात-पात नाही. आता हिशोब करा. चांगल्या कंपोस्टच्या शंभर किलोत नत्र किलोभराच्या आसपास. एका सफरचंदाला ७०० ग्रॅम हवं असेल तर सत्तर किलो कंपोस्ट, आणि त्यातलं पहिल्या वर्षी सुटतं ते थोडंच. डोंगरउतारावर एकेका झाडापाशी सत्तर किलो पाठीवर कोण नेणार? श्रीलंकेने २०२१ साली रासायनिक खतांची आयात एका फटक्यात बंद केली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये तो हुकूम मागे घ्यावा लागला. कंपोस्टचं खरं मोल नत्रात नाही, ते मातीला जे सोसण्याचं बळ देतं त्यात आहे. आम्ल आलं तरी सामू झटकन घसरत नाही. पालमपूरच्या शेणखताच्या पट्ट्याने तेच दाखवलं.

तर आता भावाकडे येऊ. ४५ किलोच्या युरियाच्या कट्ट्याला शेतकरी २६६ रुपये ५० पैसे मोजतो. त्यात नत्र ४६ टक्के, म्हणजे पावणेएकवीस किलो. किलोला तेरा रुपयेही पडत नाहीत. कित्येक वर्षं हा भाव जागचा हललेला नाही, आणि खरा खर्च व शेतकऱ्याचा भाव यांतली दरी सरकार भरून काढतं. कॅल्शियम नायट्रेटमधलं एक किलो नत्र याच्या कितीतरी पट महाग पडतं, कॅल्शियम अमोनियम नायट्रेटचंही तसंच. हिमाचलातला बागायतदार ज्याला नुसतं कॅन म्हणतो ते हेच. नांगलला १९६१ पासून ते बनू लागलं आणि डोंगरातल्या बागांना ते मानवलं, कारण अर्धं नत्र नायट्रेटचं आणि सोबत चुना. आता सांगा, दहा बिघ्यांची बाग असलेला माणूस, मुलीची फी आणि पेट्यांचं भाडं समोर असताना, मातीचा सामू डोळ्यांपुढे आणेल की तेरा रुपये?

२०१० साली सरकारने पोषणद्रव्यांवर आधारित अनुदान आणलं. कल्पना चांगली होती: खताच्या नावाला नव्हे, त्यातल्या किलोभर पोषणद्रव्याला पैसे. पण त्यातून युरिया वगळला. स्फुरद आणि पालाशाचे भाव वर गेले, युरिया होता तिथेच राहिला, आणि शेतकऱ्याने जे कुठल्याही शहाण्या माणसाने केलं असतं तेच केलं. आज देशात वर्षाला साडेतीनशे लाख टनांहून जास्त युरिया खपतो. याला शेतकऱ्याचं अज्ञान म्हणणारे अधिकारी मी पाहिले आहेत. शेतकरी अज्ञानी नाही. त्याला हिशोब येतो म्हणूनच तो युरिया घेतो.

माझं म्हणणं साधं आहे. युरियाही त्याच योजनेत घ्या, आणि नत्राच्या प्रत्येक किलोला एकच अनुदान द्या, ते कुठल्याही रूपात असो. यात युरिया महागेल, आणि गव्हावर जगणाऱ्या लहान शेतकऱ्याच्या पोटावर पाय येईल, हा आक्षेप मला हलका वाटत नाही. माझ्या शेजारी दीड एकरवाला आहे, त्याच्याकडे बघून मी हे लिहितोय. म्हणून भाव एका रात्रीत मोकळा करू नये. वाचणारी रक्कम एकरामागे थेट खात्यात जावी, आणि मग ज्याला युरिया घ्यायचा त्याने युरिया घ्यावा. काळ्या मातीच्या गव्हाला, पेरून आणि पाण्याखाली दिला तर, तो अजूनही उत्तम आहे. पण ज्याच्या जमिनीला दुसरं काही हवंय त्याला ते घेण्याची सजा होऊ नये. आज ती सजाच आहे.

बाटलीतून येणाऱ्या, पानांवर फवारायच्या नॅनो युरियाने हा प्रश्न सुटेल असं मला २०२१ पासून अनेकांनी सांगितलं. पहिल्या बाटलीवर नत्र चार टक्के होतं. अर्ध्या लिटरात वीस ग्रॅम. कट्ट्यात पावणेएकवीस किलो. एक बाटली एका कट्ट्याची जागा घेणार म्हणजे एक ग्रॅम हजार ग्रॅमचं काम करणार. पानांवरच्या फवारणीला स्वतःची जागा आहे, मी नाकारत नाही. सफरचंदात तर पानगळीआधी पाच टक्के साध्या युरियाची फवारणी हिमाचलात सांगतातच; तिने गळलेली पानं लवकर कुजतात आणि खवल्याच्या बुरशीला हिवाळा काढायला घर उरत नाही, शिवाय पानातलं नत्र सालीत साठून वसंतातल्या पहिल्या पालवीला उपयोगी पडतं. झाड एप्रिलमध्ये जे खातं ते बरंचसं मागच्या वर्षीचं साठवलेलं असतं. पण वीस ग्रॅमला वीस किलो म्हणता येत नाही. तेवढी गणितं आम्हाला मराठी शाळेत शिकवली होती.

आणि गरज तरी किती? एक टन सफरचंद बागेतून गाडीत चढलं की त्याच्यासोबत नत्र जातं अर्धा किलोच्या आसपास, बहुधा त्याहून कमी. बाकी पानं, छाटणीच्या फांद्या, सगळं तिथेच पडतं. फळबाग ही नत्राच्या बाबतीत गरीब गिऱ्हाईक आहे. नत्राच्या हव्यासाने फळाचा लाल रंग उतरतो, गर मऊ होतो, शीतगृहात पेटी टिकत नाही आणि चोइथरामच्या आढतियाला चाकू काढावा लागतो. म्हणून मी किती आणि कुठलं हे दोन प्रश्न वेगळे करत नाही. स्वस्त रूप हाताशी असलं की मापही सैल होतं. तेरा रुपयांच्या नत्राला कोण चमचा लावतो?

मृदा आरोग्य पत्रिका २०१५ साली निघाली, सुरतगढहून. बारा गोष्टी तपासतात, सामू त्यात आहे. माझ्या पत्रिकेवर सामू छापला होता, आणि खाली शिफारस होती इतका युरिया, इतकं डीएपी, इतकं पोटॅश. वरची ओळ आणि खालची ओळ यांची एकमेकांशी ओळखही नव्हती. सामू ८.१ असो की ५.१, खत तेच, आकडा तेवढा वेगळा. दोन वाक्यांची भर पुरेशी आहे: या मातीत नत्र कुठल्या रूपात द्यावं, आणि बाग असेल तर नमुना आळ्यातून घ्यावा. छपाईचा खर्च वाढणार नाही.

आमच्या शहराची गोष्ट यात आणखी एका बाजूने येते. देवगुराडियाला २०२२ पासून ओल्या कचऱ्याचा गॅस करणारा कारखाना चालतो, रोज साडेपाचशे टन कचरा जिरवण्याच्या क्षमतेचा, आणि गॅसबरोबर रोजचं शंभर टनांच्या घरात कंपोस्टही निघावं असा त्याचा आराखडा. स्वच्छतेचे नंबर आपण मिरवतो, हक्काने मिरवावेत. पण ज्या शहराच्या नावाची कंपोस्टची पद्धत आहे, त्या शहराच्या वीस किलोमीटरच्या परिघात पेरू-संत्र्याची बाग असलेल्या माणसाला ते कंपोस्ट आळ्यापर्यंत आणायला गाडीभाडं परवडत नाही. अशा खताला टनामागे १५०० रुपये मदत केंद्राने २०२३ साली मंजूर केली. तीत मालवाहू गाडी किती लांब जाते ते ज्याने भाडं दिलंय त्याला विचारा. युरियाच्या कट्ट्याचं भाडं मात्र कारखान्यापासून देशाच्या टोकापर्यंत सरकार सोसतं. रिकामी माती भरून काढणारी वस्तू आपण गावाबाहेर ढिगात ठेवतो आणि मातीतून काही ना काही काढून नेणारी वस्तू दारात आणून देतो.

या फेब्रुवारीत झाडांना बहर आला तेव्हा सोसायटीत गेलो होतो. रब्बीचा शेवट, रांग लहान. काउंटरवरच्या मुलाला म्हटलं, अमोनियम सल्फेट आहे का. त्याने संगणकात बघितलं, मग माझ्याकडे, मग पुन्हा संगणकात. "दादा, ये नाम तो लिस्ट में है," तो म्हणाला, "पर आता नहीं. यूरिया दे दूँ? कितने कट्टे?" मागे उभा असलेला दीड एकरवाला शेजारी अंगठा यंत्रावर ठेवायला पुढे सरकत म्हणाला, "काका, घेऊन टाका, नंतर मिळणार नाही." मी दोन घेतले. एक त्याच्या गव्हासाठी होता.